थ्रेड : वस्ताद, पठ्ठा आणि एक खुर्ची

१/
इतिहासाच्या धाग्यात फ्रीस्टाइल कुस्तीचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे दप्तरात लपवून शाळेत नेणारी मुले आता मोठी झाली आहेत. त्या कुस्तीचे निकाल आधीच ठरलेले असतात हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी त्यांतील बहुतेकांनी तिचा नाद सोडला. माझा सुटला नाही. आजचा धागा त्या न सुटलेल्या नादाविषयी आहे, आणि थोडासा आपण या धाग्यांतून इतिहास कसा सांगतो त्याविषयीही.

२/
संगनमताने लढल्या जाणाऱ्या कुस्तीला आपल्याकडे 'नुराकुस्ती' म्हणतात. राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द येतो तो तुच्छतेने, आणि ती तुच्छता रास्तही असते. कारण तेथे पाहणाऱ्याने फसावे हाच हेतू असतो. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे मूळही अशाच फसवणुकीत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव फिरणाऱ्या जत्रांमध्ये पैलवान आव्हान देत, पैजा लागत आणि पैजा लावणारे लुबाडले जात. आतले गुपित आत ठेवून बाहेर वैर खरेच असल्याचे भासवण्याच्या या रीतीला धंद्यातील लोक 'केफेब' म्हणू लागले. हा शब्द पुढे पुन्हा येईल, म्हणून ध्यानात असू द्यावा.

३/
खऱ्या कुस्तीची अडचण अशी की ती पुष्कळदा लांबत असे. जुलै १९१६ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे एड 'स्ट्रँग्लर' लुईस आणि जो स्टेकर यांची लढत सुमारे पाच तास चालली आणि बरोबरीत सुटली. पाच तासांची खडाखडी पाहायला माणूस दुसऱ्यांदा कशाला तिकीट काढील? १९२० च्या दशकात हाच लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँड या त्रिकुटाने यावर तोड काढली. लढतीला वेळेची मर्यादा घालावी, पकडींबरोबर डोळ्यांना दिपवणारी फेकाफेकी असावी, निकाल आपण ठरवावा आणि एका लढतीच्या शेवटातून पुढच्या लढतीची उत्सुकता उपजावी. आज आपण ज्याला 'फ्यूड' म्हणतो, त्या वैराचा कारखाना येथे सुरू झाला.

४/
जाता जाता एक किस्सा. या त्रिकुटाने वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला विजेता करून ठेवले होते; धिप्पाड गडी, पण कुस्ती जेमतेम. एप्रिल १९२५ मध्ये फिलाडेल्फियात त्याच्यासमोर पोलंडचा जुनाजाणता मल्ल स्टॅनिस्लॉस झबिस्को उभा राहिला. झबिस्कोने हरायचे ठरले होते. त्याने ठरलेले झुगारले आणि मनला खरोखरच चीत केले. आपल्या वाचकांना हा झबिस्को अनोळखी नसेल. १९१० मध्ये लंडनला गामा पैलवानाशी अडीच तासांहून अधिक झुंजून बरोबरी साधणारा, आणि १९२८ मध्ये पतियाळ्याच्या मैदानात त्याच गामाकडून मिनिटभरात अस्मान पाहणारा तो हाच. त्याचे नाव लक्षात ठेवा. पन्नास वर्षांनी ते एका तरुणाने उचलले.

५/
आता माझा मुद्दा. या धंद्यात शेकडो वैरे रंगवली गेली. त्यांतील जी लोकांच्या मनात राहिली, त्यांची कथा बहुधा एका वाक्यात सांगता येते. याला व्यावहारिक कारण होते. दूरचित्रवाणीवर आठवड्याला तासभर कुस्ती दिसे, ती फुकट. कमाई होई ती महिन्या-महिन्याने शहरातल्या मोठ्या सभागृहात होणाऱ्या लढतींच्या तिकिटांवर. मधले दोन आठवडे ज्याने काहीच पाहिले नाही, त्यालाही तिसऱ्या आठवड्यात कोण कोणावर का चिडले आहे हे कळले पाहिजे. शिवाय सभागृहात वरच्या रांगेत बसलेल्याला शब्द ऐकू येत नाहीत. त्याला फक्त शरीरे दिसतात. म्हणून अन्याय शरीराने सांगता येईल असा हवा. गरजेपोटी आलेल्या या साधेपणाचे चांगल्या कारागिरांच्या हातात काय होते, ते पाहण्यासाठी मी एकच वैर विस्ताराने सांगतो.

६/
ब्रुनो सॅमार्टिनो. जन्म १९३५, इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातील पित्सोफेर्रातो हे डोंगराळ गाव. महायुद्धात जर्मन सैन्य गावात शिरले तेव्हा त्याची आई मुलांना घेऊन डोंगरावर लपली. वर्षाहून अधिक काळ ते तेथे राहिले आणि अन्नासाठी ती माऊली जिवावर उदार होऊन गावात उतरत असे. १९५० मध्ये हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गला पोहोचले, तेव्हा ब्रुनो हा अशक्त, काडीसारखा मुलगा होता. त्याने व्यायामशाळा धरली. १९५९ मध्ये त्याने ५६५ पौंड, म्हणजे सुमारे २५६ किलो, वजन छातीवरून उचलून विक्रम केला. १७ मे १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवले आणि नव्याने निघालेल्या संघटनेचे अजिंक्यपद घेतले. टूट्स माँड आणि थोरला व्हिन्सेंट मॅकमॅन यांनी काढलेली हीच संघटना आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणून ओळखली जाते.

७/
पुढची जवळजवळ आठ वर्षे अजिंक्यपद ब्रुनोकडेच होते. लढत ठरलेली असेल, पण स्थलांतरितांच्या त्या शहरातील इटालियन, पोर्तो रिकन, ग्रीक मजुरांचे त्याच्यावरील प्रेम कोणी ठरवून दिलेले नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये तो इव्हान कोलोफकडून हरला, तेव्हा सभागृह इतके सुन्न झाले की आपल्या कानांना इजा झाली असावी असे क्षणभर वाटल्याचे ब्रुनोने पुढे अनेकदा सांगितले. १९७३ ते १९७७ या काळात अजिंक्यपद पुन्हा त्याच्याकडे होते. मधे १९७६ मध्ये स्टॅन हॅन्सनशी लढताना त्याची मान खरोखरच मोडली, आणि दोन महिन्यांत तो परत उभा राहिला. १९८० साली तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. अजिंक्यपद दुसऱ्याकडे होते. मान मात्र त्याचाच होता.

८/
आणि त्याचा पठ्ठा, लॅरी. तोही पिट्सबर्गचाच, पौगंडवयापासून ब्रुनोचा भक्त. ब्रुनोने त्याला शिकवले, पुढे आणले. रिंगणात उतरण्यासाठी त्याने नाव घेतले झबिस्को. (ठरलेले झुगारणाऱ्या त्या पोलिश मल्लाचे नाव! हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवला असेल असे मला वाटत नाही, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा जागी थांबल्याशिवाय राहवत नाही.) काही वर्षे लोटली तरी लोक त्याला 'ब्रुनोचा चेला' म्हणूनच ओळखत. मग त्याने जाहीरपणे गुरूकडे मागणी केली : माझ्याशी एकदा लढा. ब्रुनो नको म्हणाला. लढत मिळाली नाही तर मी कुस्ती सोडीन, असे लॅरीने बजावले. तेव्हा ब्रुनो कसाबसा तयार झाला.

९/
१९८० सालच्या आरंभी पेनसिल्व्हेनियातील अॅलनटाउन येथे ही लढत दूरचित्रवाणीसाठी झाली. मैत्रीची लढत. लॅरी पकड घेई, ब्रुनो ती सोडवी. ब्रुनो पकड घेई आणि लॅरी अडकला असे दिसताच ती स्वतःहून सैल करी. आपल्याकडे म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. येथे वस्तादाने तो राखलेला डाव दाखवलासुद्धा नाही. त्याने फक्त पुन्हा पुन्हा पकड सोडली. प्रत्येक वेळी सोडलेली ती पकड लॅरीला थपडेसारखी लागत गेली. ते चित्रण पाहताना लक्षात येते की सगळे नाट्य या सोडण्यात आहे. एकही शब्द लागत नाही.

१०/
शेवटी लॅरी दोरांबाहेर फेकला गेला. ब्रुनोने त्याला आत येता यावे म्हणून दोर धरून वाट करून दिली. लॅरी आत आला आणि त्याने लाथ घातली. मग खुर्ची उचलली आणि गुरूच्या डोक्यात घातली. ब्रुनो रक्ताच्या थारोळ्यात पडला. इतकेच. वैराची सगळी सामग्री एवढीच : दोर धरणारा हात आणि खुर्ची उचलणारा हात. पुढचे सहा-सात महिने न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया येथील प्रेक्षक या दोन हातांच्या हिशेबासाठी पैसे मोजत राहिले.

११/
कथा साधी म्हणजे पात्रे सपाट, असा एक गैरसमज आहे. लॅरीचे म्हणणे नीट ऐका : मी कितीही चांगला झालो तरी याच्या सावलीत मरणार. हे खोटे होते काय? मुळीच नाही. कर्तबगार बापाच्या मुलाला, नामवंत गुरूच्या शिष्याला, थोरल्या भावाच्या धाकट्याला हे दुःख ठाऊक असते. त्याने उचलेली खुर्ची अक्षम्य होती, त्याची घुसमट खरी होती. पुढे तर त्याने ब्रुनोची 'जिवंत आख्यायिका' ही पदवीदेखील स्वतःला लावून घेतली. प्रेक्षक आणखी चिडले. मला विचाराल तर ती पदवी चोरणे हा खुर्चीहूनही नेमका घाव होता, कारण नाव चोरणारा माणूस आपल्याला स्वतःचे नाव नाही हेच कबूल करीत असतो.

१२/
वसंत ऋतूत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे समोरासमोर आले, पण हिशेब पुरा झाला नाही. तो व्हायचा नव्हताच. तिकिटे अजून विकायची होती. अखेर ९ ऑगस्ट १९८० रोजी, क्वीन्समधील शे स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानात, पोलादी पिंजऱ्यात शेवटची लढत ठरली. जाहीर झालेली प्रेक्षकसंख्या ३६,२९५. ब्रुनो जिंकला आणि पिंजऱ्याच्या दारातून चालत बाहेर पडला. त्याने लॅरीला माफ केले नाही, लॅरीने माफी मागितली नाही. पिंजऱ्यातून एक चालत बाहेर आला, एक आत पडून राहिला. यापलीकडे कोणी काही समजावून सांगितले नाही.

१३/
आता तारखांकडे पाहा. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकन दूतावासात ओलिसनाट्य सुरू झाले ते २० जानेवारी १९८१ रोजी संपले. म्हणजे ब्रुनो–लॅरी वैराचा सारा काळ त्या ओलिसनाट्याच्या आतला आहे. रोज रात्रीच्या बातम्यांत अमेरिकन माणूस इराणवर दात-ओठ खात होता. प्रवर्तकांना इराणी खलनायक उभा करून मैदान भरणे अगदी सोपे होते. तरीही त्या वर्षीच्या न्यूयॉर्कमधील सर्वांत मोठ्या लढतीत एकही परकीय झेंडा नव्हता. लोक आले ते कृतघ्न शिष्यासाठी. माझ्या दृष्टीने या धाग्यातील सर्वांत बोलके निरीक्षण हेच आहे.

१४/
कारण या धंद्याला झेंड्यांचा मोह कायमच होता. १९७१ मध्ये ब्रुनोला हरवणारा 'रशियन अस्वल' इव्हान कोलोफ हा वस्तुतः कॅनडाचा ओरियल पेरास. 'आयर्न शेख' मात्र खरोखर इराणचा : खोसरो वझिरी, अस्सल ऑलिंपिक शैलीचा मल्ल, १९७२ मध्ये अमेरिकेच्याच ऑलिंपिक संघाचा सहायक प्रशिक्षक. ज्या देशाच्या मल्लांना त्याने शिकवले, त्याच देशाच्या प्रेक्षकांची थुंकी त्याने पोटासाठी झेलली. २३ जानेवारी १९८४ रोजी हल्क होगनने त्याला हरवले आणि होगनचे युग सुरू झाले. या कथाही एका वाक्यात सांगता येतात. मग त्या आणि ब्रुनोची कथा यांत फरक काय?

१५/
मी त्यासाठी दोन शब्द वापरतो : साधी आणि सोयीची. साध्या कथेत राग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत निर्माण करावा लागतो. पकड सोडणे, दोर धरणे, एकेक कृती रचावी लागते, वेळ द्यावा लागतो. सोयीच्या कथेत राग बाहेरून तयार आणलेला असतो. खलनायकाने येऊन झेंडा फडकवला की काम झाले. सोयीची कथा विटते लवकर. १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच सार्जंट स्लॉटर या, पूर्वी देशभक्त सैनिक म्हणून गाजलेल्या, मल्लाला इराकचा पाठीराखा बनवून अजिंक्यपद देण्यात आले. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मार्चमधील रेसलमेनिया लॉस एंजेलिसच्या प्रचंड कोलिसियममध्ये व्हायची होती, ती शेजारच्या लहान सभागृहात हलवावी लागली. सुरक्षेचे कारण देण्यात आले. तिकिटे खपत नव्हती हे खरे कारण असल्याचे अनेकांचे मत आहे. मलाही ते पटते. पेटते युद्ध पडद्यावर पाहणाऱ्या माणसाला त्याची नक्कल पाहण्यासाठी पैसे मोजावेसे वाटले नसतील.

१६/
हे मी कुस्तीपुरते बोलत नाही. काही महिन्यांपूर्वी मी एका लढाईवर धागा लिहिला होता. पराभवाची कारणे पाच-सहा होती : रसद, पाऊस, थकलेले पगार, सरदारांतील जुने हेवेदावे. मी एक फितूर निवडला आणि सगळा धागा त्याच्या डोक्यावर मारला. माझ्या कोणत्याही धाग्याला मिळाला नव्हता एवढा प्रतिसाद त्याला मिळाला. त्याखालील शेऱ्यांत त्या फितुराच्या आडनावाच्या आजच्या माणसांना शिव्या होत्या. मी लिहिले त्यातले एकही विधान खोटे नव्हते. पण राग मी निर्माण केला नव्हता, तो लोकांच्या मनात आधीच साठलेला होता. मी फक्त झेंडा फडकवला. अॅलनटाउनचे ते चित्रण मी त्यानंतर पुन्हा पाहिले आणि मला माझी लाज वाटली.

१७/
साध्या कथेलाही किंमत मोजावी लागते, तीही सांगतो; नाहीतर हा धागाच सोयीचा होईल. शे स्टेडियमच्या त्याच रात्री आणखी एक लढत होती : आंद्रे द जायंट विरुद्ध हल्क होगन. तेव्हा होगन खलनायक होता. त्याने आंद्रेला उचलून आपटले, तरी जिंकला आंद्रेच. आता २९ मार्च १९८७, मिशिगनमधील पाँटियाक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया तीन. पुन्हा हेच दोघे, भूमिका उलट. कथा अशी की आंद्रे पंधरा वर्षे अपराजित आहे आणि त्याला कोणीही कधी उचलून आपटलेले नाही. मित्राने मित्राच्या गळ्यातील क्रूस ओढून तोडला, एवढ्या एका कृतीवर वैर उभे राहिले. ती कृती ब्रुनो–लॅरीच्या तोडीची होती. पण ते वैर उभे राहण्यासाठी शे स्टेडियममधील रात्र पुसून टाकावी लागली. होगनने आंद्रेला आपटल्याचे दृश्य जगभर गाजले, आणि ते 'पहिल्यांदाच' घडले असे सर्वांनी मानले. (जाहीर केलेली ९३,१७३ ही प्रेक्षकसंख्याही फुगवलेली असल्याचे बरेच अभ्यासक म्हणतात. आकड्यांच्या बखरी अमेरिकेतही लिहिल्या जातात.)

१८/
कुस्तीला मी हे विस्मरण माफ करतो. १९८९ मध्ये या कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर आपण खेळ नसून करमणूक आहोत हे स्वतःच कबूल केले, नियमन आणि कर टाळण्यासाठी का होईना. तेव्हापासून केफेब म्हणजे फसवणूक राहिली नाही. कीर्तनात बुवा आणि श्रोते दोघांनाही कथेचा शेवट ठाऊक असावा, तसा तो उभयपक्षी करार झाला. आपण धागे लिहिणाऱ्यांनी वाचकांशी असा कोणताही करार केलेला नाही.

१९/
गुंतागुंत हाच यावर उपाय आहे, असेही मला म्हणायचे नाही. तो प्रयोग होऊन गेला. जुलै २००० मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या एका मुख्य लढतीत जेफ जॅरेट स्वतःहून आडवा पडला, होगनने त्याच्यावर पाय ठेवला आणि जिंकला. थोड्या वेळाने लेखक व्हिन्स रूसो रिंगणात येऊन पडद्यामागची भांडणे बोलून दाखवू लागला. खरे किती, रचलेले किती, कोणाला कळेना. मामला कोर्टात गेला. प्रेक्षक बिचारा तिकीट हातात धरून विचारीत राहिला : मी टाळ्या वाजवू कोणासाठी? मार्च २००१ मध्ये ती कंपनी विकली गेली. कारणे अनेक होती. पण ज्या गोष्टीत राग कोणावर धरायचा हेच कळत नाही, तिच्यासाठी रविवारची संध्याकाळ कोण घालवणार?

२०/
याउलट २२ सप्टेंबर १९९७ रोजी, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, स्टीव्ह ऑस्टिनने आपल्या मालकाला, धाकट्या व्हिन्स मॅकमॅनला, भर रिंगणात लोळवले. नोकराने मालकाला मारले. ज्याने कधी साहेबापुढे मान खाली घातली आहे, त्याला यापुढचे काही सांगण्याची गरज नव्हती. यावर वेगळा धागा होईल.

२१/
राहिली ब्रुनोची हकिगत. कंपनीतील मादक द्रव्ये आणि बीभत्सपणा यांवर जाहीर टीका करून तो दूर झाला आणि अनेक वर्षे परतला नाही. २०१३ मध्ये समेट झाला. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले. १८ एप्रिल २०१८ रोजी तो वारला. त्याआधी, २०१५ मध्ये, तोच सन्मान लॅरी झबिस्कोला मिळाला, आणि त्याला सभेपुढे आणण्याचे काम केले एकोणऐंशी वर्षांच्या ब्रुनोने. केफेब संपून पंचवीस वर्षे झाली होती, दोघे म्हातारे झाले होते, सगळे मला ठाऊक होते. तरी लॅरी मंचावर आला तेव्हा माझी नजर आधी आजूबाजूला कुठे खुर्ची आहे का, तेच शोधत होती.